ओळ न तोडण्याच्या अटीवर

मी साताऱ्यात राहते, शाळेत कलाशिक्षिका आहे आणि गेली बारा-तेरा वर्षे अक्षर आणि चित्र एकाच कॅनव्हासवर आणण्याचे काम करते. ११ ते १७ नोव्हेंबर २०२५ या आठवड्यात मुंबईतील एका कलादालनात माझ्या अकरा चित्रांचे प्रदर्शन झाले. त्यांपैकी पाच चित्रांत एका दिवंगत कवीच्या ओळी आहेत आणि त्या ओळी वापरण्याची लेखी परवानगी मिळवण्यात माझे सात महिने गेले. हे काम कसे करायचे, कोणाकडे जायचे, कागद कोणते लागतात, हे मला कला महाविद्यालयात कोणी सांगितले नव्हते आणि ज्या चित्रकार मित्रांना विचारले त्यांनाही नीट माहीत नव्हते. म्हणून घडले तसे, तारखांसह लिहून ठेवते. कवीचे नाव आणि त्या ओळी मात्र इथे देत नाही, कारण मला मिळालेली परवानगी चित्रे, त्यांची छायाचित्रे आणि प्रदर्शनाची पुस्तिका यांच्यापुरती आहे. लेखात ओळी छापायच्या तर पुन्हा विचारावे लागेल.

माझे अक्षरांकडे लक्ष गेले ते शाळेतल्या कामामुळे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांकडून अक्षरलेखन गिरवून घेताना वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत आले की, देवनागरी अक्षर शिरोरेघेला धरून खाली उतरते, आणि वरच्या मात्रा, वेलांट्या, रफार, खालचे उकार यांच्यासाठी ओळीच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवावीच लागते. हे सांगता सांगता कधीतरी माझ्याच मनात आले की ही जागा म्हणजे चित्राची जागा आहे. रागमालेच्या, म्हणजे राग-रागिणींवरच्या, जुन्या लघुचित्रांत वरच्या पिवळ्या पट्टीत काव्य लिहिलेले असते, ते मी पूर्वी पाहिले होतेच. चित्रकार के. सी. एस. पणिकरांची साठच्या दशकात सुरू झालेली 'वर्ड्‌स अँड सिम्बॉल्स' ही मालिका, अतुल दोडियांची दुकानांच्या लोखंडी शटरवरची चित्रे आणि जितीश कल्लाट यांची 'पब्लिक नोटिस २' (२००७) ही मांडणी, जिच्यात गांधीजींनी दांडीयात्रेच्या आदल्या दिवशी, ११ मार्च १९३० रोजी केलेले भाषण हाडांच्या आकाराच्या ४,४७९ अक्षरांनी लिहिले आहे, या कामांचा मी नंतर बारकाईने अभ्यास केला. शब्दालाही चित्रात झाडाइतके, भिंतीइतके वजन असते, हे मला त्यांतून उमजले. मजकूर कोणाच्या मालकीचा आहे, हा प्रश्न मात्र त्या अभ्यासात माझ्यासमोर कधी आला नाही.

कलादालनाकडे मी मार्च २०२२ मध्ये अर्ज केला होता. सोबत दहा कामांची छायाचित्रे, परिचय आणि अर्जाचे शुल्क जोडले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये पत्र आले आणि त्यात नोव्हेंबर २०२५ मधला आठवडा दिला होता. म्हणजे अर्जापासून प्रदर्शनापर्यंत साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला. ज्यांना पुढे कधीतरी प्रदर्शन करायचे आहे त्यांनी चित्रे पूर्ण होण्याची वाट न पाहता आधी अर्ज करावा, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

त्या पत्रासोबत एक स्वयंघोषणापत्र होते. प्रदर्शित होणारे काम माझे स्वतःचे आहे आणि त्यात इतर कोणाच्या हक्कांचा भंग होत नाही, असे त्यावर लिहून सही करायची होती. मी ते पत्र फाइलमध्ये ठेवले आणि दीड महिना त्याकडे पाहिलेही नाही. तोवर अकरांपैकी आठ चित्रे पूर्ण झाली होती. ९ ऑक्टोबर २०२४ ला माझी एक मैत्रीण, जी वकिली करते, स्टुडिओत चित्रे पाहायला आली. पाच फूट रुंदीच्या विहिरीच्या चित्रासमोर ती बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "या ओळी घेतल्या आहेस, त्या ज्यांच्या आहेत त्यांना विचारलंस का?" मला त्या क्षणी अक्षरशः घाम फुटला. मी त्या कवीची कविता शाळेत असल्यापासून मनात बाळगून होते; ती दुसऱ्या कोणाची तरी मालमत्ताही आहे, हे मला सुचलेच नव्हते.

त्या रात्री आम्ही दोघींनी बसून अकरा चित्रांची यादी केली आणि प्रत्येकापुढे मजकूर कोणाचा ते लिहिले. हे काम खरे तर पहिली रेघ मारण्याआधी करायचे असते. भारतात १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार साहित्यकृतीचा प्रताधिकार लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर साठ वर्षे टिकतो आणि ही साठ वर्षे निधनाच्या पुढच्या वर्षीच्या १ जानेवारीपासून मोजतात. मर्ढेकरांचे निधन १९५६ मध्ये झाले, म्हणून त्यांची कविता २०१६ अखेर मुक्त झाली. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या कवितेला २०५९ अखेरपर्यंत परवानगी लागेल. माझ्या दोन चित्रांत बहिणाबाई चौधरींच्या ओव्या आहेत. त्या १९५१ मध्ये गेल्या, पण त्यांची कविता पुस्तकरूपाने आली १९५२ मध्ये. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या साहित्याची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात, तरी २०१२ अखेर तीही मुदत संपली. ती दोन चित्रे त्यामुळे निर्धास्त झाली. तीन चित्रांतला मजकूर माझा स्वतःचा होता. एका चित्रात आमच्या शेताच्या जुन्या सातबाऱ्याचा उतारा होता, ज्यात आजीचे नाव कंसात गेले, म्हणजे कमी झाले आहे. तिथे प्रश्न प्रताधिकाराचा नव्हता, घरच्यांच्या खासगीपणाचा होता. मी चुलत्यांना विचारले आणि गट क्रमांक व हयात माणसांची नावे रंगाखाली झाकली.

उरली पाच चित्रे. हे कवी १९९८ मध्ये गेले, म्हणजे २०५८ अखेरपर्यंत हक्क वारसांचे. टीका, परीक्षण, संशोधन किंवा खासगी वापर यांसाठी कायद्यात काही मोकळीक आहे, पण विकण्यासाठी मांडलेले चित्र त्यात बसत नाही, असे मैत्रिणीने स्पष्ट सांगितले. माझ्यासमोर दोनच वाटा होत्या: परवानगी मिळवायची किंवा ती पाच चित्रे मागे ठेवून सहांवर प्रदर्शन करायचे. मी दिवाळीच्या सुट्टीत पहिली वाट धरली.

सुरुवात पुस्तकातल्या हक्कांच्या पानापासून करावी. माझ्याकडच्या आवृत्तीत 'सर्व हक्क सुरक्षित' एवढेच छापले होते, कोणाकडे ते नव्हते. प्रकाशकांना ४ नोव्हेंबरला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले, तीन आठवड्यांनी दुसरे पाठवले. पोचपावत्या आल्या, उत्तर आले नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फोन लागला तेव्हा कळले की त्यांच्याकडे फक्त पुस्तक छापण्याचे हक्क होते, तेही मुदतीचे, आणि बाकीचे सारे कुटुंबाकडे आहे. सात आठवडे असे गेले. आज पुन्हा करायचे झाले तर मी पत्र आणि फोन एकाच दिवशी करेन. त्या दूरध्वनीतून कवींच्या मुलीचा मिरजेतला पत्ता मात्र मिळाला, आणि तोही त्यांची आधी संमती घेऊन, हे मला योग्य वाटले.

१२ जानेवारी २०२५, रविवार. सकाळच्या एसटीने मिरजेला गेले. सोबत पाचही चित्रांच्या ए-३ आकाराच्या रंगीत प्रती आणि विहिरीच्या चित्राचे एक छोटे, हाताने केलेले प्रारूप होते. काकूंचे, म्हणजे कवींच्या मुलीचे, वय बहात्तर. त्यांनी दार उघडताच "या, बसा" म्हटले, पाणी दिले, चष्मा पुसला आणि चित्रांच्या प्रती जेवणाच्या टेबलावर एकीला एक लावून मांडायला सांगितल्या. चार प्रती त्यांनी शांतपणे पाहिल्या. पाचव्या प्रतीवर, विहिरीच्या चित्रावर, त्यांचे बोट थांबले.

त्या चित्रात मी कवीची ओळ वरच्या बाजूला आडवी लिहिली होती, पण ओळीतला शेवटचा शब्द, 'नाही', तिच्यापासून काढून खाली विहिरीच्या काठाजवळ एकटा ठेवला होता. रचनेच्या दृष्टीने मला ते फार योग्य वाटत होते: वरून येणारी नजर काळ्या वर्तुळात उतरते आणि तिथे तो शब्द भेटतो. काकूंनी ओळ मोठ्याने वाचली. वरचा भाग वाचला, थांबल्या, खाली पाहिले, 'नाही' म्हणाल्या. मग पुन्हा, या वेळी पुस्तकातल्यासारखी, एका दमात.

"तू ओळ तोडलीस," त्या म्हणाल्या. अहो-जाहो केव्हा गळून पडले ते आम्हा दोघींनाही कळले नाही. "बाबा हे म्हणताना थांबत नसत. नकार आधीपासूनच ओळीत आहे. तुझ्या चित्रात तो शेवटी अंगावर येतो. लोकांना वाटेल, बाबांनी चकवलं."

मी समजावण्याचा प्रयत्न केला. चित्रात वाचनाचा वेग वेगळा असतो, जागा हाही विराम असतो, असे बरेच काही बोलले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग आतून एक जुनी, पाठीला कापड लावलेली प्रत आणली. पहिली आवृत्ती, १९५८ ची. मराठीचे नवे लेखननियम १९६२ मध्ये आले. त्याआधी 'नाहीं', 'कांहीं', 'घरें' असे अनुस्वार देऊनच लिहीत आणि छापत. माझ्याकडची आवृत्ती नंतरची असल्याने तिच्यात ते अनुस्वार नव्हते. काकूंनी ती ओळ काढली आणि पेन्सिलीच्या टोकाने अक्षरांना न टेकवता टिंबे मोजली. चार होती. "ही चार आली पाहिजेत," त्या म्हणाल्या. "आणि ओळ सलग. बाकी तुला हवं ते कर, रंग तुझे."

परतीच्या एसटीत मी नाराज होते, हे मान्य करते. ते चित्र चार महिन्यांचे होते. कायद्यात लेखकाच्या नैतिक हक्काची तरतूद आहे. कृतीची मोडतोड होऊन लेखकाच्या लौकिकाला बाध येत असेल तर वारसही हरकत घेऊ शकतात. पण खरे सांगायचे तर त्या कलमाने मला गप्प केले नाही. काकूंनी ओळ ज्या तऱ्हेने वाचली, ते वाचन माझ्या कानातून जात नव्हते. मी इतकी वर्षे ती कविता मनातल्या मनात, डोळ्यांनी वाचली होती. ती कशी म्हटली जाते ते मी प्रथमच ऐकले होते.

फेब्रुवारीचा पूर्ण महिना त्या एका चित्रावर गेला. अॅक्रिलिकची जुनी अक्षरे पॉलिश पेपरने घासून सपाट केली, त्यांच्यावर जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात दिले आणि आकाशाचा भाग पुन्हा रंगवला. 'नाही' हा शब्द विहिरीच्या काठावरून पुसला, पण पुरता जात नव्हता. तिरप्या उजेडात त्याच्या ह-चा फुगवटा अजूनही कळतो आणि मी तो तसाच राहू दिला. नवी ओळ लिहायची तर मोठी अडचण जागेची होती. सगळे शब्द एका ओळीत बसवायचे म्हणजे अक्षराची उंची तीन इंचांवरून सव्वादोन इंचांवर आणावी लागली आणि तरीही ओळ कॅनव्हासच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली. मी ट्रेसिंग पेपरवर ओळ सात वेळा आखली. जोडाक्षर आले की रुंदी वाढते, काना आला की उभी रेघ येते, दोन काने जवळ आले की कुंपणासारखे दिसते. प्रत्येक वेळी कुठेतरी गर्दी होई. सातव्या खेपेला मी शब्दाशब्दांत तुटणारी शिरोरेघ जोडून टाकली आणि ती शेताच्या बांधाची रेघ म्हणून सलग ओढली. अक्षरे बांधाखाली उतरली, मुळांसारखी. चार अनुस्वार बांधाच्या वर, मोकळ्या आकाशात राहिले. ते मी चपट्या ब्रशने केले नाहीत. बोरूचे टोक तिरपे कापून, दाट रंगात बुडवून, एकदाच टेकवले. टिंब दुसऱ्यांदा गिरवले की ते मेलेले दिसते.

२ मार्चला बदललेल्या चित्राची छायाचित्रे घेऊन पुन्हा मिरजेला गेले. काकूंनी होकार दिला आणि मग कागदांचे काम सुरू झाले.

कवींनी मृत्युपत्र केलेले नव्हते. त्यांच्या पत्नीही हयात नाहीत. म्हणजे हक्क तिघांकडे: काकू, काकूंचे पुण्यातले धाकटे बंधू आणि काकूंच्या थोरल्या बंधूंच्या पश्चात त्यांचा मुलगा, जो न्यू जर्सीत असतो. एकाने परवानगी दिली तर ती पुरत नाही, सगळ्या सहमालकांच्या सह्या हव्यात, असा मैत्रिणीचा सल्ला होता आणि तो मी पाळला. वारसांनी आपण तिघेच वारस आहोत असे एका स्वतंत्र कागदावर लिहून दिले. पुण्याचे काका सुरुवातीला साशंक होते. चित्र किती किमतीला जाईल, छापील वस्तू काढणार का, कविता जाहिरातीत जाईल का, असे प्रश्न त्यांनी विचारले. ते प्रश्न मला तेव्हा टोचले, पण करारनामा त्यांच्यामुळेच नीट झाला.

त्यात काय लिहिले ते थोडे विस्ताराने सांगते, कारण मला असा नमुना कुठेच सापडला नव्हता. कवितेचे नाव, पुस्तकाची आवृत्ती आणि पृष्ठ लिहिले, ओळी पहिल्या आवृत्तीप्रमाणे जशाच्या तशा उतरवल्या. पाचही चित्रांचे आकार आणि माध्यम लिहून प्रत्येकाचे छोटे छायाचित्र चिकटवले. मूळ चित्र विकण्याची, प्रदर्शनात मांडण्याची, पुस्तिकेत आणि वृत्तपत्रांत छायाचित्र छापण्याची, माझ्या संकेतस्थळावर दाखवण्याची परवानगी वेगवेगळी नोंदवली. कॅलेंडर, कपडे, मग यांसाठी परवानगी नाही, असेही लिहिले. ओळ कुठेही तोडणार नाही ही अट घातली. श्रेय कसे द्यायचे ते शब्दशः ठरवले. मुदत आणि प्रदेश या दोन गोष्टी कोणीही विसरू नयेत: करारात मुदत लिहिली नाही तर कायद्याने ती पाच वर्षेच धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मी 'प्रताधिकाराच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभर' असे लिहिले, कारण उद्या चित्र कोणी परदेशी नेले तर त्याच्या छायाचित्रासाठी पुन्हा मिरजेला यावे लागू नये.

मोबदल्याबद्दल बोलणे सर्वांत अवघड गेले. काकू पैसे नको म्हणत होत्या. मी आग्रह धरला, कारण फुकट मिळालेल्या परवानगीचे पुढे कोणाच्याही मनात काहीही होऊ शकते, आणि कवीच्या श्रमाला मोल असते असे मला मनापासून वाटते. शेवटी पाच चित्रांचे मिळून १५,००० रुपये ठरले, तिघांना पाच-पाच हजार, आणि प्रत्येक घराला विहिरीच्या चित्राची एक छापील प्रत. रक्कम बँकेतूनच पाठवली आणि त्याचा उल्लेख करारात केला.

१७ मार्चला ५०० रुपयांचा मुद्रांक घेतला. पूर्वी अशा कामांना १०० रुपयांचा मुद्रांक चालत असे. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात किमान ५०० झाला, हे मला मुद्रांक विक्रेत्याकडेच कळले. काकूंची सही मिरजेत, काकांची पुण्यात झाली. न्यू जर्सीच्या पुतण्याची स्कॅन केलेली सही चार दिवसांत आली, पण मूळ कागद टपालाने यायला महिना लागला, कारण पहिल्या खेपेला मी पिनकोड चुकवला आणि पाकीट परत गेले. नोटरी, टपाल आणि झेरॉक्स मिळून ६०० रुपयांच्या आसपास खर्च झाला. ९ मे २०२५ ला तिन्ही सह्यांचा संच माझ्या हातात आला आणि त्याच दिवशी मी कलादालनाच्या स्वयंघोषणापत्रावर सही केली.

याच सुमारास माझ्या स्वतःच्या मजकुराच्या तीन चित्रांची प्रताधिकार नोंदणी करायचे ठरवले. नोंदणी सक्तीची नाही. कृती निर्माण झाली की प्रताधिकार आपोआप येतो. पण नोंदवहीतला उतारा न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालतो आणि शब्द-चित्राच्या कामात नक्कल फार सहज होते, म्हणून मी ते केले. अर्ज ऑनलाइन, नमुना क्रमांक १४ मध्ये करायचा असतो. कलाकृतीला प्रत्येकी ५०० रुपये शुल्क आहे. ती वस्तूंवर वापरली जाणार असेल तर शुल्क २,००० होते आणि ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाचे प्रमाणपत्रही जोडावे लागते, तेव्हा तो रकाना विचार करून भरावा. चित्रातला मजकूर दुसऱ्याचा असेल तर त्याचे ना-हरकत पत्र लागते. अर्ज केल्यावर डायरी क्रमांक मिळतो आणि हरकतींसाठी तीस दिवस थांबावे लागते. मी १६ जूनला तीन अर्ज भरले. ऑगस्टमध्ये त्रुटीपत्र आले, आणि चूक माझीच होती: चित्रांवर मी माहेरच्या नावाने सही करते आणि आधार कार्डावर सासरचे नाव आहे. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडून उत्तर दिले. तिन्ही प्रमाणपत्रे डिसेंबरात आली. तुमचीही अशी दोन नावे असतील तर ते प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी जोडा.

प्रदर्शनाचा एकूण खर्च असा झाला: आठवड्याचे भाडे करासह ४१,३००, अकरा चौकटी ३५,२००, पुस्तिकेच्या ३०० प्रती २७,०००, साताऱ्याहून टेम्पो जाऊन-येऊन १९,०००, मुक्काम ८,४००, वारसांचा मोबदला १५,०००, मुद्रांक-नोटरी-टपाल १,१०० आणि नोंदणी १,५००. म्हणजे १,४८,५०० रुपये. परत मिळालेली अनामत यात धरलेली नाही. एका शिक्षिकेच्या पगारात ही रक्कम मोठी आहे. मी ती दोन वर्षे दरमहा बाजूला काढत होते. चित्रे फुगेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळताना रंगाला प्लास्टिक थेट लागू देऊ नका, मध्ये बटर पेपर ठेवा. माझ्या एका चित्रावर प्रवासाच्या उष्णतेने गोल वण उमटले आणि मांडणीच्या रात्री ते ओल्या कापसाने काढत बसावे लागले.

कलादालनात प्रत्येक चित्राशेजारी मी छोटी पट्टी लावली: कवीचे नाव, कवितेचे नाव, आवृत्तीचे साल आणि 'वारसांच्या परवानगीने'. या शेवटच्या दोन शब्दांविषयी मला सर्वांत जास्त विचारणा झाली. तरुण चित्रकार येऊन हळूच विचारत की असे विचारावे लागते का, आणि विचारले तर लोक नाही म्हणत नाहीत का. मी पिशवीत कराराची एक प्रत नावे झाकून ठेवली होती, ती दाखवत असे. एक मुलगा ती उभ्या उभ्या वहीत उतरवून घेत होता; मी त्याला खाली बसायला खुर्ची दिली.

दोन चित्रे गेली. विकताना पावतीवर लिहून दिले की चित्र खरेदीदाराचे झाले, पण चित्राचा प्रताधिकार माझा आणि ओळींचा कवीच्या वारसांचा राहील. मूळ चित्र पुढे दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला त्यात वाटा मागता येतो, अशीही कायद्यात तरतूद आहे. ती फार थोड्यांना माहीत असते, म्हणून पावतीवर तिचाही उल्लेख केला.

शेवटच्या दिवशी, सोमवारी, काकू आल्या. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने, नातीला सोबत घेऊन. मी त्यांना दारातच नमस्कार केला आणि मुद्दाम मागे राहिले. त्या आधी इतर चित्रे पाहत फिरल्या, सातबाऱ्याच्या चित्रासमोर थोड्या थांबल्या, मग विहिरीच्या चित्रापाशी गेल्या. नात ओळ वाचू लागली आणि मध्येच अडखळली, तेव्हा काकूंनी तिला पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितले. तिने वाचली, या वेळी एका दमात. काकूंनी पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला. उजव्या हाताचे बोट चित्रापासून वीतभर दूर धरून त्यांनी आकाशातली टिंबे मोजली.

"चारही आहेत," म्हणाल्या, आणि बाकावर बसल्या.